एनॉसला उठायला वेळ लागतो

एनॉस यार्नल हा माझ्या धाकट्या बहिणीचा, टेसीचा नवरा. जर्मनटाउनच्या मोठ्या रस्त्यावर त्याचं घड्याळांचं दुकान आहे. गावातली निम्मी घड्याळं तो वेळेवर चालवतो, पण स्वतः आयुष्यात कुठं वेळेवर पोचल्याचं मला तरी आठवत नाही. आळशी म्हणावं तर तसंही नाही. पहाटे उठतो, दिवसभर मान मोडून काम करतो. पण जे करतो ते इतकं सावकाश, की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्याला न्याहारीला बसवलं की पहिल्या घासाला लोणी लावून होईपर्यंत माझी पुढची धिरडी होऊन थंडही होतात.

क्रिकेटही तो तसाच खेळला. तीसेक वर्षं खेळला, आणि तेवढ्या वर्षांत त्यानं जितक्या धावा काढल्या तितक्या आमच्या क्लबाचा कप्तान फर्डी कार्व्हर दोन उन्हाळ्यांत काढायचा. फरक एवढाच, की फर्डी बाद व्हायचा. एनॉसला बाद होण्याचीही घाई नव्हती.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरलं एफ्रेम वॅग्स्टाफनं. एफ्रेम नॉटिंगहॅमहून आलेला मोजे विणणारा. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचा माग होता, आणि शनिवारी दुपारी माग थांबला की तो आणि त्याचे गाववाले मागच्या कुरणात स्टंप ठोकायचे. एनॉस बारा-तेरा वर्षांचा असताना बापानं त्याला एफ्रेमचं दुरुस्त केलेलं घड्याळ पोचवायला पाठवलं. घड्याळ पोचलं, पण पोरगं काही परतलं नाही. संध्याकाळी बाप शोधायला गेला, तर हा हातात बॅट धरून उभा, आणि विणकर घामाघूम होऊन त्याला चेंडू टाकताहेत.

"इकडंतिकडं बघतोस कशाला रे?" एफ्रेम ओरडत होता. "आधी चेंडू बघ! जग कुठं पळून जात नाही, ते मग बघ!"

बाप क्वेकर, म्हणजे साधं, शांत राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, आम्हा सगळ्यांसारखाच. खेळ म्हणजे वेळेची नासाडी हे आमच्याकडं बाळकडूबरोबर पाजलं जातं. घरी जाताना त्यानं पोराला विचारलं, "यात पैज लावतात?"

"नाही."

"आरडाओरडा करतात?"

"बाकीचे करतात. मी नाही केला."

बापानं बराच वेळ विचार केला. घराणंच तसलं. घराच्या पायरीवर आल्यावर म्हणाला, "मग जात जा."

पुढं गावातल्या हौशी, पैसेवाल्या मंडळींनी क्लब काढला, हिरवळ केली, तंबू उभारला. तिथं एनॉसला बोलावणं आलं ते त्याच्या कपड्यांकडं बघून नक्कीच नाही. त्याला बोलावलं ते दुसऱ्या बाजूचे गोलंदाज रडकुंडीला यावेत म्हणून. एकदा बाल्टिमोरचा एक धिप्पाड गोलंदाज टाकून टाकून दमला आणि खेळपट्टीवरच फतकल मारून बसला. म्हणाला, "अहो महाशय, आज घरी जायचा विचार आहे का तुमचा?"

एनॉस शांतपणे म्हणाला, "तू निघालास की मीही निघेन."

त्याला तो उर्मटपणा वाटला. पण आमच्यात सगळ्यांनाच तू म्हणतात, मग तो न्यायाधीश असो नाहीतर कोळशाची गाडी हाकणारा. देवाला तू आणि माणसाला अहो, हे कसलं गणित?

आता टेसीचं सांगते. प्रार्थनेची सभा सुटल्यावर दर रविवारी एनॉस आमच्याकडं चहाला यायला लागला. आई गेल्यापासून घर मीच चालवत होते, त्यामुळं चहा करणारी मी, केक कापणारी मी आणि तो काय बोलतो याकडं कान लावून बसणारीही मीच. तो बोलायचा लंबकांबद्दल. पहिलं वर्ष मी म्हटलं, लाजाळू आहे. दुसऱ्या वर्षी म्हटलं, विचारी आहे. असं करता करता सहा वर्षं गेली! आमचं घड्याळ तोवर त्यानं इतक्यांदा उघडून साफ केलं होतं, की ते बिचारं झिजून गेलं असावं.

शेवटी माझा संयम सुटला. दारातच त्याला अडवलं. "एनॉस, तुझ्या मनात आहे तरी काय?"

"विचार चाललाय, हेप्सी."

"अरे, तुझा विचार होईपर्यंत तिचे केस पिकतील!"

"छान दिसतील तिला," तो म्हणाला आणि टोपी घालून चालू लागला.

टेसी माझ्यासारखी फटकळ नाही. पण आतून पक्की. त्या सहा वर्षांत ती एकदाही त्याचा खेळ बघायला गेली नाही. सगळ्या मैत्रिणी छत्र्या घेऊन जायच्या, ही घरात शिवत बसायची. मी एकदा छेडलं तर म्हणाली, "तिथं तो कुणाकडं मान वर करून बघत नाही म्हणे. मग मी जाऊन काय करू? चेंडूची सवत होऊ?"

अखेर एका वसंतात, सफरचंदाच्या झाडाखाली, त्याच्या तोंडून शब्द फुटले. आमच्यात लग्न ठरलं म्हणजे लगेच होत नाही. दोघांनी भरसभेत दोन वेळा, महिन्याच्या अंतरानं, आपला इरादा सांगायचा. मग सभा चौकशी करणार, परवानगी देणार, आणि लग्न शिस्तीत पार पडतंय ना हे पाहायला वडीलधारी माणसं नेमणार. आमच्या वाट्याला आला इसाचार पॉल. ज्याच्या डोळ्यांना बायकांच्या बोनेट टोपीवरची रिबन बोटभर जास्त रुंद असली तरी खुपते, असा माणूस. तारीख मिळाली सप्टेंबरातला गुरुवार, सकाळी दहाची सभा.

आणि त्याच महिन्यात इंग्लंडचा संघ आमच्याकडं खेळायला येणार असं ठरलं.

गावात दुसरा विषय नव्हता. खुद्द इंग्लंडची माणसं, आमच्या हिरवळीवर! फर्डीनं अकरा जण निवडले, त्यात एनॉस होता. सामना सोमवार ते बुधवार, लग्न गुरुवारी. सगळं कसं मापात बसलं होतं. पण समुद्रावर धुकं पडलं, आगबोट एक दिवस उशिरा लागली आणि सामना गेला मंगळवार ते गुरुवारवर. फर्डी धावत आमच्याकडं आला.

"हेप्सीबाई, लग्न एक दिवस पुढं ढकलता येणार नाही का हो?"

"ढकलता येईल की," मी म्हटलं. "पुन्हा दोन महिने सभेत उभं राहायचं, पुन्हा परवानगी मागायची. नाताळाच्या आसपास जमेल. तोवर इंग्लंडची माणसं थांबतील का विचार."

बुधवारी संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा सामना आमच्या हातून जवळजवळ गेलेलाच होता. धावा गाठणं अशक्य. गुरुवारचा दिवस कसाबसा तगून सामना बरोबरीत सोडवायचा, एवढीच आशा. आपले निम्मे गडी तंबूत परतले होते, फर्डीसकट. आणि नाबाद कोण, हे सांगायला नकोच.

त्या संध्याकाळी मी कोंबड्या सोलत होते आणि टेसी लग्नाचा करडा झगा इस्त्री करत होती. एकदम हात थांबवून म्हणाली, "हेप्सी, उद्या तो लगेच उठला तर?"

आमच्या लग्नात पाद्री नसतो, बाजा नसतो. सगळी सभा मुकाट बसते. नवरानवरीला आतून प्रेरणा झाली की दोघं हात धरून उठतात, वचन बोलतात, झालं लग्न.

"लगेच उठला तर बरंच की," मी म्हटलं. "माझे ऑयस्टर थंड होणार नाहीत."

"तसं नाही गं. सहा वर्षं ज्याला उठायला जमलं नाही, तो उद्या बसल्याबरोबर उठला, तर कुणासाठी उठला ते मला कळेल. खेळाआधी उरकून टाकायचं एक काम, असं मला व्हायचं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला एनॉसचा, फर्डीचा आणि त्या धुक्याचा असा काही राग आला, की पुढची कोंबडी मी जरा जास्तच जोरात तोडली.

गुरुवारी दहा वाजता सभाघर गच्च भरलं. एनॉस आणि टेसी समोरच्या बाकावर. बाजूला इसाचार. आणि अगदी मागच्या बाकावर पांढऱ्या फ्लॅनेलात फर्डी, हातात खिशातलं घड्याळ. आमचे पुरुष सभेत टोप्या घालून बसतात, त्यामुळं एकटा उघड्या डोक्याचा तोच दिसत होता. बाहेर त्याची घोडागाडी तयार होती. इंग्रजांच्या कप्तानानं, लॉरिमर नावाच्या, मोठ्या मनानं कबूल केलं होतं, की नवरामुलगा आला की पुढचा गडी बाद झाल्यावर त्याला खेळू देऊ.

शांतता पसरली. मी मनात म्हटलं, आता उठेल. टेसीची मान ताठ झालेली मला बाजूनं दिसत होती.

एनॉस उठला नाही.

अर्धा तास गेला. अकरा वाजले, तिकडं खेळ सुरू झाला असणार. फर्डीच्या चेहऱ्याचा रंग त्याच्या विजारीसारखा पांढरा पडला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमचा नवरा तर डोळे मिटून मांडीवर हात ठेवून पुतळ्यासारखा बसलेला. टेसीची मान हळूहळू सैल झाली, मग थोडी कलली, मग तिनं त्याच्याकडं चोरून बघितलं. आणखी वेळ गेला. मागं कुणीतरी जांभई दिली. मी इसाचारच्या हातावरून नजर काढली नाही. कारण सभा संपवायची खूण म्हणजे वडीलधाऱ्यानं शेजाऱ्याशी हात मिळवणं. इसाचारनं हात मिळवला की सभा संपली, मग लग्न लागलेलं असो वा नसो. आणि इसाचार कुणासाठी थांबणाऱ्यातला नव्हता.

बाराला थोडा वेळ असताना इसाचारनं गुडघ्यावरचा हात उचलला.

त्याच क्षणी टेसी उभी राहिली. तिनं एनॉसचा हात धरला आणि असा काही हिसका दिला, की तो झोपेतून उठवल्यासारखा उभा राहिला, मग त्यानं डोळे उघडले. इसाचारचा हात हवेतच राहिला. एनॉस वचन बोलला, सावकाश, पण एकही शब्द न अडखळता. मग टेसी बोलली. माझ्या शेजारची फीबी मावशी रडत होती आणि खरं सांगायचं तर मीही.

बाहेर पडल्यावर टेसीनं त्याला विचारलं, "अरे, उठत का नव्हतास?"

"बसलो तेव्हाच उठावंसं वाटलं होतं," एनॉस म्हणाला. "पण ते देवाचं वाटणं की फर्डीचं, हे मला कळेना. देवासमोर फर्डीसाठी उठायचं नव्हतं. आणि जितका वेळ जाई तितकं जास्तच कळेनासं होई."

टेसी हसायला लागली. आदल्या संध्याकाळपासून अडकलेलं सगळं हसू बाहेर पडलं. डोळे पुसत म्हणाली, "चल, तुझी बॅट कुठाय? मीही येते."

"तू? मैदानावर?"

"का, नवरीला बंदी आहे तिथं?"

पण आधी सह्या. लग्नाच्या कागदावर हजर असलेल्या प्रत्येकानं सही करायची असते, पोराटोरांसकट. फीबी मावशीला तर आपलं नाव, बापाचं नाव आणि वर एक वेलबुट्टी काढल्याशिवाय चैन पडत नाही. फर्डी तिच्या मागं उभा राहून हुंदक्यासारखा आवाज काढत होता.

"आणि जेवणाचं काय?" मी विचारलं. तीन दिवस राबले होते मी.

"जेवणही येईल," टेसी म्हणाली.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, हे खरंच. पण केलेलं लग्न गाडीत भरून मैदानावर न्यायचं नशीब माझ्याशिवाय कुणाला आलं नसेल. कोंबडीचं सॅलड, ऑयस्टर, डुकराच्या मांडीचे काप, बर्फात पुरलेली आइस्क्रीमची डबडी. करडी बोनेटं आणि रुंद टोप्या घातलेली सगळी वरात मोठ्या रस्त्यानं निघाली. मागोमाग इसाचार. कारण लग्नाचं जेवण शिस्तीत पार पडतंय हे बघणंही त्याचंच काम, आणि जेवण चाललं होतं क्रिकेटला. कुरकुरत का होईना, त्याला जेवणामागं जाणं भाग होतं.

आम्ही पोचलो तेव्हा आपले आठ गडी बाद झाले होते आणि खेळ जेवणासाठी थांबला होता. मी पहिलं ताट इंग्रज कप्तानापुढं ठेवलं. "बस. खा. तू फार वाळलेला दिसतोस."

लॉरिमर गडबडून उभा राहिला. असं त्याला त्याच्या दाईनंतर कुणी बोललं नसावं. "मॅडम, आपला फार आभारी आहे. पण हे पाहुण्यांसाठी..."

"मग तू कोण आहेस? मुकाट्यानं खा."

त्यानं तीन वेळा सॅलड मागून घेतलं. त्याच्या वेगवान गोलंदाजानं आइस्क्रीमचं जे केलं ते बघून आमच्या पोरांनीही तोंडात बोटं घातली. त्या दुपारी त्याचा वेग बराच उतरला. क्लबाची काही मंडळी अजून म्हणतात, की त्या दिवशी आपल्याकडून सगळ्यात चांगला खेळ हेप्सीनं केला.

जेवणानंतर एक गडी बाद झाला, आणि लग्नाच्या करड्या विजारीवर पॅड बांधून एनॉस आत गेला. दुसऱ्या टोकाला शेवटचा गडी, गावातला दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांना थरथरायला लावणारा तो माणूस आता स्वतः थरथरत होता. एनॉसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला, आणि खेळायला उभा राहिला.

काय सांगू! टक. टक. टक. त्याच्या दुकानातल्यासारखा आवाज. इंग्रजांनी वेगानं टाकून बघितलं, हळू टाकून बघितलं, सगळे गडी त्याच्याभोवती गोळा केले. एनॉस मान खाली घालून चेंडू अडवत राहिला. जमेल तितके चेंडू तो स्वतःच खेळायचा, डॉक्टरवर पाळी कमीच येऊ द्यायचा. कुंपणाला टेकून म्हातारा एफ्रेम वॅग्स्टाफ पाइप ओढत होता आणि प्रत्येक चेंडूला मान हलवत होता. सुरुवातीला मैदानाकडं पाठ करून बसलेला इसाचार चहाच्या सुमाराला कडेला वळला, आणि नंतर पुरता समोर वळून बसला.

आणि टेसी! सहा वर्षं जिनं हट्टानं पाऊल टाकलं नाही, ती बाकाच्या अगदी टोकावर बसून होती, दोन्ही मुठी आवळून. "हेप्सी, हे असं असतं?" ती सारखी विचारत होती. "असा उभा असतो तो? एकटा?"

सावल्या लांब झाल्या. शेवटची ओव्हर आली. समोर एनॉस. एवढी ओव्हर निघाली की सामना बरोबरीत, इंग्लंडविरुद्ध! एक चेंडू अडवला. दुसरा अडवला. तिसराही अडवला. तेव्हा ओव्हर चार चेंडूंचीच असायची, म्हणजे आता एकच उरला. लॉरिमरनं चेंडू स्वतःच्या हातात घेतला होता. तो धावत निघाला, आणि टेसी उभी राहिली.

का उठलीस म्हणून तिला नंतर सगळ्यांनी विचारलं. ती म्हणते, "मला कळलंच नाही. उठावंसं वाटलं, उठले." आमचा बाक गोलंदाजाच्या मागच्या बाजूलाच, थोडा कडेला होता. बसलेल्या करड्या घोळक्यातून एक करडं बोनेट वर आलं.

एनॉसनं मान वर केली.

वीस वर्षांत पहिल्यांदा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं चेंडूवरची नजर काढली आणि टेसीकडं बघितलं. चेंडू त्याच्या बॅटीजवळून निघून गेला आणि मधला स्टंप लोळला.

"अरे देवा, नाही!" असा एक आवाज मैदानभर घुमला. तो इसाचारचा होता.

इंग्रज टाळ्या वाजवत होते. फर्डीनं टोपी जमिनीवर आपटून तिच्यावर पाय दिला. टेसी तोंडावर हात ठेवून जागच्या जागी उभी. आणि एनॉस, नेहमीसारखा सावकाश, तंबूकडं न जाता थेट आमच्या बाकाकडं चालत आला.

फर्डी धावत आडवा आला. "अरे बाबा, शेवटचा चेंडू! शेवटचा! कुठं बघत होतास तू?"

"टेसी उठली होती," एनॉस म्हणाला.

"मग?"

"सकाळी ती उठली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, फर्डी. मला दिसलंच नाही. परत चुकवायचं नव्हतं."

टेसीनं सगळ्या सभेसमोर, सगळ्या इंग्लंडसमोर, आणि इसाचारसमोरही, एनॉसच्या गळ्यात हात टाकले. कुंपणाजवळून एफ्रेम लंगडत आला. मला वाटलं, म्हातारा आता झाडणार. पण त्यानं पाइप तोंडातून काढला आणि म्हणाला, "आधी चेंडू, मग जग, असं मीच सांगितलं होतं रे. मग म्हणजे केव्हा, हे तुझं तूच शोधलंस." आणि उरलेलं आइस्क्रीम कुठाय म्हणून मला विचारलं.

पुढच्या महिन्यात इसाचारनं सभेला अहवाल दिला. लग्न आणि जेवण दोन्ही शिस्तीत पार पडलं, फक्त संध्याकाळच्या सुमारास कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. कोण, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

एनॉस त्यानंतर बरीच वर्षं खेळला. टेसी प्रत्येक सामन्याला गेली, पण फर्डीच्या विनंतीवरून तिची खुर्ची एनॉसच्या पाठीमागं ठेवत. आता त्याच्या हातात बॅट नाही. गुडघे कुरकुरतात, दुकानातली धावपळ मुलगा बघतो, आणि टेसीचे केस खरंच पिकले. छान दिसतात तिला. सभेत अजूनही सगळे डोळे मिटून बसतात, पण एनॉस त्या दिवसापासून उघडे ठेवून बसतो. बायकांच्या बाकाकडं तोंड करून, मान जरा वाकडी करून. लोकांनी तक्रारीही करून पाहिल्या. तो म्हणतो, ती कधी उठेल सांगता येत नाही.